पाचवे काडतूस

आमच्या घरात 'मॅगझीन' या शब्दाने वर्षातून दोनतीनदा तरी घोटाळा होतो. मी सांगलीच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवते आणि गेली काही वर्षे तिथल्या वार्षिक अंकाचे संपादन माझ्याच गळ्यात आहे. माझी लेक पिस्तूल चालवते. म्हणजे नेमबाजीच्या स्पर्धेत चालवते, हे लगेच सांगून टाकलेले बरे. आमच्या शेजारच्या काकूंनी ही बातमी प्रथम ऐकली तेव्हा आठ दिवस त्या आमच्याकडे विरजण मागायला आल्या नव्हत्या.

तर एकदा लेकीचा कोल्हापूरहून फोन आला. वैतागलेली होती. म्हणाली, "आई, मॅगझीन नीट भरतच नाहीये गं आज."

मी मुद्रितांच्या ढिगाऱ्यात बसले होते. मी म्हटले, "चार कविता टाक. भरेल!"

पलीकडे क्षणभर शांतता. मग ती जी हसत सुटली, ती अजून कुणी पाहुणे आले की हा किस्सा सांगते. माझा बचाव एवढाच, की शब्दाच्या बाजूने पाहिले तर माझी काही चूक नव्हती. अरबीत 'मखझन' म्हणजे कोठार. तो शब्द युरोपात गेला, फ्रेंचांनी त्याचे दुकान केले, इंग्रजांनी दारूगोळ्याचे कोठार केले आणि १७३१ साली लंडनच्या एका प्रकाशकाने आपल्या मासिकाला 'द जंटलमन्स मॅगझीन' असे नाव देऊन त्याच कोठारात लेख भरले. आपला 'खजिना' हा त्याच धातूतून निघालेला, म्हणजे मॅगझीनचा सख्खा भाऊ. काडतूस हा शब्द पोर्तुगिजांचा. तेव्हा माझी लेक जेव्हा मॅगझीनमध्ये काडतुसे भरते तेव्हा अरब आणि पोर्तुगीज दोघेही तिच्या तळहातावर असतात. हे मी तिला एकदा उत्साहाने सांगितले. ती म्हणाली, "आई, तिथे पाच मोजताना मारामार, त्यात हे दोघे कुठे घेऊ?"

ते पाच मोजणेच पुढे आमच्या जिवाला लागले.

तिचा प्रकार पंचवीस मीटर पिस्तुलाचा. साठ गोळ्या, सहाशे गुण. पहिल्या तीस गोळ्या सावकाशीच्या : पाचपाचच्या सहा फैरी, एकेका फैरीला पाच मिनिटे. दुसऱ्या तीस गोळ्या मात्र जीव खाणाऱ्या. समोर सात सेकंद लाल दिवा, मग तीन सेकंद हिरवा. लाल असताना हात पंचेचाळीस अंशांत खाली धरायचा. हिरवा लागला की उचलायचा, रोखायचा, एक गोळी सोडायची आणि पुन्हा खाली. असे पाच वेळा म्हणजे एक फैर. तीन सेकंदांत मला चष्मा सापडत नाही.

याच प्रकारात शेजारच्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१३ साली कोरियातल्या चांगवॉनला विश्वचषकाचे सुवर्ण घेतले आणि २०१८ साली जकार्ता-पालेम्बांगच्या आशियाई स्पर्धेत थायलंडच्या मुलीशी बरोबरी झाल्यावर दोनदा निकाली फैर खेळून पुन्हा सुवर्ण घेतले. त्याआधी २०१० साली तेजस्विनी सावंत म्युनिकला रायफलची जगज्जेती झाली होती. आणि २०२४ साली राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिसहून ऑलिंपिकचे ब्राँझ आणले, तेव्हा तर आमच्याकडेही पेढे वाटले गेले. जणू रेल्वेतला तो तिकीट तपासनीस आमच्याच गल्लीतला! अशी माणसे पन्नास किलोमीटरवर असली की मुलांना वाटते, हे जमण्यासारखे आहे. आईबापांना वाटते, हे परवडण्यासारखे आहे काय?

कारण काडतुसे महाग. चांगली काडतुसे परदेशातून येतात आणि सरावाच्या एका दिवसात शंभर सहज उडतात. आमच्या हिशेबाच्या वहीत दूध, किराणा, वीज यांच्या खाली मी 'गोळ्या' असा एक रकाना आखला होता. आमचे हे बँकेत आहेत. पण आकडे पाहून डोळे फिरवण्याचे काम घरात माझ्याकडे आहे. रविवारी लेक परत आली की पहिला प्रश्न मी विचारीत असे, "आज किती उडवल्यास?" 'कशी झाली' हा प्रश्न नंतरचा. कधी काडतूस चिंबलेले निघाले, त्याच्या शिशाला चरा पडला, म्हणून तिने बाजूला ठेवले असे कळले की माझ्या तोंडून निघायचेच, "एक म्हणजे एक वाया घालवू नकोस हं." मी ते चहात साखर किती विचारावी इतक्या सहज म्हणत असे.

गेल्या पावसाळ्यात राज्य पातळीवरची स्पर्धा होती. मी सोबत गेले होते. प्रेक्षकांच्या बाकावर बसून मी पडद्यावरचे आकडे पाहात होते. सावकाशीच्या तीस गोळ्या छान गेल्या. जलद फैरींपैकी चार झाल्या. पाचवी फैर सुरू झाली. हिरवा दिवा, गोळी. हिरवा दिवा, गोळी. चार झाल्या. पाचव्यांदा हिरवा लागला, तिचा हात वर आला आणि काहीच झाले नाही. बारीकसे 'खट्' तेवढे झाले असावे. कानांवर रक्षक होते, मला ऐकू आले नाही. तिने नियमाप्रमाणे पिस्तूल समोरच रोखून धरले आणि डावा हात वर केला.

मला हायसे वाटले. यंत्र अडकले तर फैर पुरी करू देतात, एवढे मला माहीत होते. पंच आले, त्यांनी पिस्तूल पाहिले, मॅगझीन काढून पाहिले, आणि मान हलवली. यंत्र अडकलेलेच नव्हते. मॅगझीनमध्ये चारच काडतुसे भरली होती. नियमपुस्तक याबाबत फार स्पष्ट आहे. काडतूस फुटले नाही, पिस्तुलाचा भाग तुटला, तर तो यंत्राचा दोष; खेळाडू कमी काडतुसे भरून आला, मॅगझीन नीट बसवायला किंवा खटका उघडायला विसरला, तर तो खेळाडूचा. पाचव्या गोळीला शून्य. पुढच्या स्पर्धेला जे किमान गुण लागतात त्यांना ती चार गुणांनी कमी पडली. एरवी ती गोळी आठनऊ गुण देऊन गेली असती.

परतीच्या गाडीत ती कऱ्हाड येईपर्यंत खिडकीबाहेर पाहात होती. रडली असती तर बरे झाले असते. सांगलीला उतरताना एवढेच म्हणाली, "आई, रिक्षा नको, चालत जाऊ. सामान काही नाहीये."

मी शिक्षक आहे. कुणाचे चुकले की उपाय सांगितल्याशिवाय मला झोप लागत नाही. रात्री मला उपाय सुचला. मॅगझीनमध्ये पाचच काडतुसे बसतात, हेच मुळात चूक! सात-आठ बसत असतील तर मोजण्याची भानगडच नको. भरा भरभरून, पाच उडवा, उरलेली परत काढून घ्या. वार्षिक अंकात मी हेच करते. शहाण्णव पानांचा अंक ठरलेला असतो, मी मजकूर एकशेवीस पानांचा जमवून ठेवते.

दुसऱ्या दिवशी मी एका कागदावर मॅगझीनचे चित्र काढले आणि माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे गेले. मिरज रस्त्याच्या बाजूला त्याचा लेथचा कारखाना आहे. शेतीपंपांचे सुटे भाग करतो. यंत्रे आणि मासिके यांचे आमच्या जिल्ह्यात पूर्वीपासून बरे जमते. किर्लोस्करवाडीला एका बाजूला नांगर आणि पंप निघत होते आणि १९२० पासून दुसऱ्या बाजूला 'किर्लोस्कर खबर' निघू लागले, त्याचेच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले. तेव्हा मॅगझीन वाढवायला मी योग्य मुलखात आहे अशी माझी खात्री होती.

त्याने कागद आडवा धरला, उभा धरला. "मॅडम, हा जेवणाचा डबा आहे का?"

मी सांगितले. त्याचा चेहरा एकदम बदलला. कागद त्याने घडी करून अदबीने माझ्या हातात परत ठेवला. "मॅडम, तुम्ही आम्हांला व्याकरण शिकवलंत, म्हणून सांगतो. हे काम आमच्याकडं कुणी आणलं तर आम्ही त्याला दारातनंच घालवतो. हत्याराच्या भागाला परवान्याशिवाय हात लावायचा नसतो. तुम्ही बसा, चहा घ्या, आणि हे कुणाला बोलू नका."

१९५९ चा शस्त्र कायदा मी वाचलेला नव्हता; त्याने वाचलेला दिसला. शिवाय ते पिस्तूल क्लबचे. माझ्या लेकीला ते बाहेर न्यायची सोय नाही, आणि मी त्याच्या पोटाची शस्त्रक्रिया ठरवायला निघाले होते!

तरी माझे समाधान झाले नाही. रात्री मी वाचीत बसले. वाचता वाचता कळले की मी काही जगावेगळे बोलत नव्हते. परदेशांत पळत पळत नेम मारायची एक स्पर्धा आहे. तिची जागतिक संघटना १९७६ साली अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या कोलंबिया या गावी स्थापन झाली. तिथे एका मोठ्या डावात बत्तीसपर्यंत गोळ्या लागतात आणि मॅगझीन बदलण्यात सेकंद वाया जातात. म्हणून लोक मॅगझीनला खालून टोपण लावून त्याची लांबी वाढवतात, आतली स्प्रिंग बदलतात, दोन-चार काडतुसे जास्त बसावीत म्हणून महिनोन् महिने घासाघीस करतात. शेवटी संघटनेलाच पट्टी घेऊन उभे राहावे लागले. सर्वांत मोकळ्या गटातसुद्धा मॅगझीन १७० मिलिमीटरांहून लांब नको, असा तिथला नियम आहे. माणसाला कोठार दिले की तो ते वाढवायला बघतो, मग ते काडतुसांचे असो की कवितांचे.

गौरी-गणपतीला आम्ही साताऱ्याला माझ्या माहेरी गेलो. तिथे माझे मामा आहेत. सैन्यात आर्मरर होते. हत्यारे दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. साताऱ्यात निवृत्त फौजी म्हणजे काही नवलाई नाही. पहिल्या महायुद्धात एकट्या अपशिंग्यातून गेलेल्यांपैकी ४६ जण परत आले नाहीत, तेव्हापासून त्या गावाला लोक अपशिंगे मिलिटरीच म्हणतात. आणि देशातली पहिली सैनिक शाळा निघाली तीही १९६१ साली साताऱ्यातच. पण मामांसारखे निवांत फौजी मी पाहिलेले नाहीत. अजिंक्यताऱ्याकडे तोंड करून ओसरीवर बसतात आणि कुणाचे तरी घड्याळ उघडून ठेवलेले असते.

"मामा, तुमच्या पिस्तुलात किती गोळ्या असायच्या?" मी विचारले.

"तेरा. इशापूरचं नऊ एम.एम. मूळ नमुना बेल्जमचा." मामा बेल्जियमला बेल्जम म्हणतात.

"मग हिच्याच पिस्तुलात पाच का?"

मामांनी घड्याळ बाजूला सारले आणि आत हाक मारून कंदी पेढ्यांचा खोका मागवला. आता पेढे खाऊन विषय संपणार असे मला वाटले. पण त्यांनी खोका रिकामा केला, दोन पाट्या जवळजवळ उभ्या धरल्या आणि मध्ये पेढे एकावर एक ठेवले. "ही एक रांग. पाटीच्या उंचीत मावले सहा." मग पाट्या जराशा लांब केल्या आणि पेढे डावीकडे एक, उजवीकडे एक असे नागमोडी रचले. त्याच उंचीत दहा मावले. "रुंदी दुप्पट केली नाही, बघ. एकाच्या खाचेत दुसरा बसला. वर येताना दोन्ही रांगा मिळून तोंडाशी एक होतात, यष्टीच्या दारात होतात तशा. हे माझं तेरा गोळ्यांचं."

"मग हिचंही तसंच करा की!"

मामांनी खिशातून चार खिळे काढले. ते त्यांच्या खिशात नेहमीच असतात. खिळे त्यांनी एकावर एक आडवे रचले. "हिचं काडतूस पॉईंट टू टू. त्याच्या बुडाला काठ असतो, या खिळ्याच्या डोक्यासारखा. माझ्याचा काठ अंगाबाहेर येत नाही. आता वरचा खिळा पुढं ढकल." मी ढकलला. त्याचे डोके खालच्या खिळ्याच्या डोक्यामागे होते. ते अडकले आणि सगळी उतरंड कोसळली. "वरच्याचा काठ नेहमी खालच्याच्या पुढं पाहिजे. एका रांगेत, थोडी तिरकी ठेवली, तर जमतं. दोन रांगा केल्या की काठात काठ गुंततो. आणि लांबीच वाढवलीस तर स्प्रिंग पुरत नाही. भरलेलं असताना ती दडपलेली असते, रिकामं होत जाईल तशी सैलावते. शेवटचं काडतूस वर लोटायचं तेव्हाच नेमकी तिच्यात जोर नसतो."

"पण दहा गोळ्यांची टू टू पिस्तुलं असतात," लेक म्हणाली. ती इतका वेळ गप्प पेढे खात होती, पहिल्या मजल्यावरचे. "अमेरिकेचं एक आहे दहाचं, स्वित्झर्लंडचं एक होतं आठचं. पण उपयोग काय? कितीही बसू देत, भरायची पाचच. नियमच आहे तो. सहावी भरलेली सापडली तर तोही गुन्हाच. आई, मी तुला पहिल्याच दिवशी सांगणार होते."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू इतकी खूश होतीस!"

रात्री जेवणे झाली. मी आत भांडी लावीत होते. ओसरीवर मामा आणि लेक. मामा काही विचारीत नसत. ते घड्याळ उघडीत आणि माणसे आपोआप बोलू लागत.

"चार कशी भरली गेली, आजोबा, तुम्हांला सांगू?" लेकीचा आवाज हळू होता, पण साताऱ्याच्या जुन्या घरात भिंतींपेक्षा खिडक्या जास्त. "चार भरली. पाचवं हातात घेतलं तर त्याच्या टोकाला चरा होता. असलं भरायचं नसतं. बाजूला ठेवायला लागले, आणि मनात आलं, एक वाया. आज रात्री आईला सांगायला नको. हे सरावाला वापरू, कुठं ठेवू म्हणजे हरवणार नाही? मग ते पिशवीच्या छोट्या कप्प्यात नीट ठेवलं, चेन लावली. तेवढ्यात वेळ संपला. मला वाटलं, पाचवं आपण हातावेगळं केलंय. केलंच होतं ना."

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आईला सांगितलंस?"

"नाही. आणि तुम्हीही सांगू नका हं."

माझ्या हातात पितळेचे एक पातेले होते. ते मी इतक्या जपून फळीवर ठेवले की चोरालासुद्धा जमले नसते. मला बाहेर जावेसे वाटले, आणि जाता येईना. गेले असते तर ती माझी समजूत घालत बसली असती, आणि माझ्या चुकीबद्दल तिने माझी समजूत घालावी हे मला सोसले नसते. त्या रात्री मला वहीतला तो रकाना, आणि त्याच्या डोक्यावरचे माझे सुवाच्य अक्षर, सारखे दिसत होते.

आम्ही निघालो त्या सकाळी मामांनी लेकीच्या हातात कागदात गुंडाळलेले काहीतरी दिले. जुन्या चौकटीच्या सागाचा एक ठोकळा, घासून गुळगुळीत केलेला. त्यात भोके पाडली होती : पाचाच्या सहा ओळी. "स्पर्धेला जायच्या आधी सगळी काडतुसं यात उभी कर. एकेक बघून घे. एक फैर, एक ओळ. ओळ रिकामी झाली म्हणजे पाच भरली. मोजायचं नाही, बघायचं."

लेकीने बोट फिरवून पाहिले. "आजोबा, एकतीस आहेत."

खरेच, कोपऱ्यात ओळींपासून दूर एक भोक जास्त होते.

"ते चरा पडलेल्यासाठी," मामा म्हणाले, आणि माझ्याकडे न पाहता चपला शोधू लागले.

गाडीत मी तो ठोकळा मांडीवर घेऊन बसले होते. कऱ्हाडच्या अलीकडे मी धीर केला. "हे बघ, काडतूस जरा जरी खराब वाटलं ना, तरी खुशाल फेकून देत जा. मी काही म्हणणार नाही."

ती माझ्याकडे पाहू लागली. किती ऐकलेस, असे काहीतरी त्या पाहण्यात होते. पण तिने विचारले नाही.

"फेकून नाही देता येत, आई," ती म्हणाली. "क्लबात परत जमा करावं लागतं. एकेकाचा हिशेब असतो. तिथं वही आहे, तिच्यात लिहायचं."

"कोण लिहितं?"

"मीच लिहिते. माझं अक्षर तुझ्यावर गेलंय म्हणून सरांनी मलाच बसवलंय तिथं."

पुढची स्पर्धा दिवाळीनंतर आहे. ठोकळा सध्या देवघराशेजारच्या कपाटात, माझ्या वार्षिक अंकांच्या गठ्ठ्यावर असतो.